कवठी चाफा: ओळखीपासून पहिल्या बहरापर्यंत

नर्सरीत जाऊन नुसतं "चाफा द्या" म्हटलंत तर समोर चार-पाच वेगवेगळी झाडं येऊ शकतात, आणि त्यातली बरीचशी एकमेकांच्या नात्यातलीसुद्धा नसतात. देवळाबाहेर दिसणारा पांढरा-पिवळा खुरचाफा कण्हेरीच्या कुळातला, हिरवा चाफा सीताफळाच्या. नागचाफा उंडीच्या कुळातला, तर भुईचाफा चक्क हळदीच्या घरातला, जमिनीखाली कंद धरून बसणारा. सोनचाफा आणि कवठी चाफा हे दोघे मात्र खरे भाऊबंद. दोघेही मॅग्नोलिया. सोनचाफा वाढून वृक्ष होतो, कवठी चाफा झुडूपच राहतो. जमिनीत दोन ते चार मीटर, आणि कुंडीत बहुतेक वेळा आपल्या छातीएवढा.

त्याचं शास्त्रीय नाव मॅग्नोलिया कोको. जुन्या पुस्तकांत आणि अजूनही काही पाट्यांवर मॅग्नोलिया प्युमिला असं सापडेल. प्युमिला म्हणजे बुटका. झाड मूळचं दक्षिण चीन आणि व्हिएतनामकडचं. १७९० मध्ये लोरेइरो या पोर्तुगीज धर्मप्रचारकाने त्याचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा छापलं. कोकणात आणि गोव्यात जुन्या घरांच्या परसात ते इतकं रुळलंय की परकं वाटत नाही, पण शहरातल्या बागांमध्ये मात्र क्वचितच दिसतं. सहज मिळत नाही म्हणून दुर्मीळ. एकदा घरात आलं की सांभाळायला अवघड नाही. बहुतेक झाडं मरतात ती पहिल्या वर्षात, आणि दोनच कारणांनी: मुळं दुखावल्यामुळे किंवा चुनखडीच्या पाण्यामुळे. पुढचं बरंचसं लेखन या दोन गोष्टींभोवतीच फिरणार आहे.

खरं झाड कसं ओळखायचं

फुलं नसताना झाड विकत घ्यायची वेळ आली तर तीन गोष्टी बघा. फांदीवर प्रत्येक पेराशी बांगडीसारखी बारीक गोल रेघ दिसते. नवं पान ज्या टोपीत गुंडाळलेलं असतं ती गळून पडल्याची ती खूण. मॅग्नोलियाच्या सगळ्या भावंडांना ती असते, खुरचाफ्याला नसते. दुसरं, पानाचा देठ मोडा. पांढरा चीक आला तर झाड परत ठेवा. तिसरं, पान स्वतः: चामड्यासारखं जाड, वरून गडद हिरवं चकचकीत, शिरांच्या मधला भाग किंचित फुगलेला, लांबी साधारण वीतभर किंवा कमी. कोवळ्या फांद्या हिरव्या आणि गुळगुळीत. पानाच्या मागे तांबूस-तपकिरी मखमल असेल तर तो हिमचंपा, म्हणजे मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा. काही नर्सऱ्यांत तोही कवठी चाफा म्हणून विकला जातो. झाड छान आहे, पण ते मोठा वृक्ष होतं आणि गच्चीवर त्याचं काही खरं नाही.

कळी असली तर प्रश्नच उरत नाही. मालवणीत अंड्याला कवट म्हणतात, आणि ही कळी पाहिली की नाव पटतं: गोल, गुळगुळीत, वाकलेल्या देठावर खाली मान घालून लटकणारी, बाहेरून फिकट हिरवी. फुलाला नऊ जाड, मांसल पाकळ्या. बाहेरच्या तीन हिरवट, आतल्या सहा पांढऱ्याशुभ्र. फूल तीन-चार सेंटिमीटरचंच, पण एका फुलाच्या वासाने अख्खं अंगण भरतं.

विकत घेताना

उंच रोप म्हणजे चांगलं रोप, हा समज सोडा. दीड-दोन फुटांचं, दोन-तीन फांद्या असलेलं, खालपर्यंत पानं टिकवलेलं गुटीचं रोप (फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून तयार केलेलं) सगळ्यात बरं. पिशवीची तळची भोकं बघा. एखाद-दुसरं पांढरट मूळ डोकावत असेल तर ठीक, पण जाडजूड तपकिरी मुळांचा झुपका बाहेर येऊन जमिनीत घुसलेला असेल आणि माळीदादा तो हिसका देऊन उपटून देत असतील, तर ते रोप नको म्हणा. कवठी चाफ्याची मुळं जाड, मऊ आणि ठिसूळ असतात. तुटलेलं मूळ बऱ्याचदा नवं फुटण्याऐवजी तिथून कुजत जातं.

खोड धरून हलकंच हलवा. माती आणि खोड एकत्र हलायला हवं. खोड मातीत सैल फिरत असेल तर गुटी नुकतीच उतरवून पिशवीत खोचलेली आहे, महिनाभराने या. पानांच्या कडा करपलेल्या, किंवा नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर नर्सरीचं पाणी क्षारयुक्त आहे. असं रोप सुधारता येतं, पण पहिलंच झाड लावणाऱ्याने ती परीक्षा कशाला द्यायची?

रोप घरी आल्यावर आठ-दहा दिवस पिशवीतच, सावलीत ठेवा. लगेच कुंडीत हलवायची घाई नको. खरेदीची सगळ्यात चांगली वेळ जून मध्य ते ऑगस्ट. एप्रिल-मे मध्ये आणलेलं रोप घाटावर तग धरणं कठीण.

जागा

सकाळचं कोवळं ऊन तीन-चार तास आणि दुपारनंतर सावली, हे याचं आवडतं वेळापत्रक. पूर्वेची बाल्कनी, नारळ-सुपारीच्या खालची विरळ सावली, घराची उत्तर-पूर्व बाजू, हे सगळं चालतं. पश्चिमेच्या भिंतीसमोर ठेवलंत तर मार्चनंतर पानांवर भाजल्यासारखे तपकिरी चट्टे पडतील, आणि ते पान पुन्हा हिरवं होत नाही. अगदी गडद सावलीत झाड जगतं, पानंही सुंदर दिसतात, पण फुलं येत नाहीत.

कोकण आणि गोव्यात हवेतला दमटपणा फुकट मिळतो. पुणे, सातारा, कोल्हापूरकडे मार्च ते मे ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावा. विदर्भ-खानदेशात जाळी तर हवीच, शिवाय कुंडी इतर झाडांच्या घोळक्यात ठेवा आणि खाली वाळू-पाण्याचं ताट ठेवा (कुंडीचा तळ पाण्यात बुडता कामा नये, विटेवर टेकवा). कोरड्या गरम वाऱ्याने पानं जितकी जातात तितकी नुसत्या तापमानाने जात नाहीत. जिथे हिवाळ्यात पाणी गोठतं अशा परदेशी गावांत राहणाऱ्यांनी हे झाड कुंडीतच ठेवावं आणि थंडीत घरात घ्यावं.

माती: सगळा खेळ सामूचा

मातीचा सामू (पीएच) ५.५ ते ६.५, म्हणजे किंचित आम्लधर्मी, असला की हे झाड खूश. जांभ्या दगडाच्या तांबड्या मातीत ते आपोआप जमतं, म्हणून कोकणात आजीच्या हातचं झाड काही न करता फुलतं आणि त्याचंच कलम सोलापुरात पिवळं पडतं. काळ्या मातीत चुनखड असते. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, आणि लोहाशिवाय पानात हिरवा रंग तयार होत नाही.

आपली माती कशी आहे ते घरीच बघता येतं. चमचाभर कोरडी माती बशीत घ्या, त्यावर स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर चार-पाच थेंब टाका आणि कान जवळ न्या. बारीक फसफस ऐकू आली किंवा बुडबुडे दिसले तर मातीत चुनखड आहे. अशा मातीत गंधक मिसळून सामू उतरवायचा सल्ला मिळेल. तो विसरा. चुनखड संपेपर्यंत गंधक पुरत नाही. चुनखडीच्या जागी कवठी चाफा कुंडीतच लावायचा, हा आमचा स्पष्ट सल्ला.

कुंडीसाठी मिश्रण: लाल माती ४ भाग, नीट कुजलेला पालापाचोळा ३ भाग, धुतलेलं कोकोपीट २ भाग, जाड वाळू किंवा हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे १ भाग. १२ इंची कुंडीला यात मूठभर, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, निंबोळी पेंड. शेणखत घालायचं असेल तर वर्षभर मुरलेलंच, आणि एका भागापेक्षा जास्त नाही.

यातल्या तीन गोष्टींवर लोक फसतात. कोकोपीटमध्ये मीठ असतं. कोकोपीटची वीट पाण्यात फुगवून दोनदा पिळून घ्या, पहिलं चहासारखं पाणी फेकून द्या. शहरात "लाल माती" म्हणून जी पोती मिळतात त्यातली काही चिकणमाती असते. ओली माती मुठीत दाबून लाडू करा आणि बोटाने टोचा. लाडू फुटला पाहिजे, बोटाचा खड्डा पडून तसाच राहिला तर वाळू आणि पाला वाढवा. विटांचे तुकडे नवे असावेत. पाडलेल्या भिंतीचा मलबा वापरलात तर प्लास्टरबरोबर चुना आणि सिमेंट कुंडीत येतं, आणि इतकी खटपट करून मिळवलेला सामू वाया जातो. याच कारणाने घराच्या जोत्याला चिकटून किंवा नव्या सिमेंटच्या वाफ्यात हे झाड लावू नये.

ओघात आलंच आहे तर सांगून टाकू: अंड्याची टरफलं, चुलीची राख आणि तुळशीला चालणारा चिमूटभर चुना हे तिन्ही घरगुती उपाय या झाडाला अपायकारक आहेत. साखर-दूध न घातलेला, धुतलेला चहाचा चोथा महिन्यातून एकदा चालेल.

लावणी

कुंडी एकदम मोठी घेऊ नका. ६-८ इंची पिशवीतलं रोप थेट १८ इंची कुंडीत गेलं की मुळांना न पोहोचणारी माती दिवसेंदिवस ओली राहते आणि आंबते. आधी १२ इंच, दोन वर्षांनी १६ इंच, आणि त्यानंतर तिथेच ठेवा. मातीची कुंडी उत्तम. प्लास्टिकची असेल तर तळाला बोटभर रुंदीची पाच-सहा भोकं हवीत.

आदल्या दिवशी रोपाला पाणी द्या, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गड्डा फुटणार नाही. कुंडीच्या भोकांवर खापऱ्या उपड्या ठेवा आणि मिश्रणाचा थर द्या. आता पिशवी ओढून काढायची नाही, ब्लेडने उभी चिरायची, तळ कापायचा आणि गड्डा दोन्ही हातांनी तळातून उचलून ठेवायचा. मुळं मोकळी करणं, माती झटकणं, मुळांची टोकं छाटणं हे गुलाबाला चालतं, इथे नाही. अपवाद एकच: तळाशी एखादं मूळ गोल गोल फिरून वेटोळं झालं असेल तर तेवढंच धारदार कात्रीने कापा. पिशवीत मातीची जी पातळी होती तीच कुंडीत ठेवा. खोड दोन बोटं जरी खोल गाडलं गेलं तरी सालीशी कुज धरते. बाजूने मिश्रण भरा, बोटांनी हलकं दाबा, मुठीने ठोकू नका. वर दोन इंच मोकळे ठेवा आणि तळातून निथळेपर्यंत पाणी द्या.

जमिनीत लावायचं तर मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा काढून पंधरा दिवस तापू द्या. जांभ्याचा कातळ लागला तर तळ पहारीने फोडा. नाहीतर तो खड्डा म्हणजे पावसाळ्यात भरलेला हौद. वरची माती, दोन घमेली कुजलेला पाला, एक घमेलं जुनं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरा आणि जमिनीपेक्षा वीतभर उंच उंचवटा करा. पाऊस स्थिरावला की त्या उंचवट्यावर रोप लावा. शेजारच्या झाडापासून दोन मीटर अंतर ठेवा. वाळलेल्या पानांचं दोन-तीन इंच आच्छादन घाला, पण खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी. कोकणात आच्छादन खोडाला टेकलं की वाळवी त्याच वाटेने चढते.

पाणी आणि खत

माती नेहमी वाफशावर हवी: हातात घेतली तर गार आणि ओलसर, पण दाबल्यावर पाणी सुटू नये. बोट पेरभर मातीत घाला. वरचा इंचभर थर कोरडा झाला असेल तरच पाणी. १२ इंची कुंडीला उन्हाळ्यात रोज एक ते दीड लिटर लागेल, थंडीत दोन-तीन दिवसांनी एकदा, आणि पावसाळ्यात उघड्यावर असेल तर बहुतेक दिवस काहीच नाही. जुलैत कुंडीखालची बशी काढून टाका.

बोअरचं जड पाणी असेल तर वर्षभर घातलेलं पाणी मातीला हळूहळू अल्कधर्मी करतं. कुंडीच्या काठावर पांढरी पापडी धरली की समजावं. पावसाचं पाणी साठवता येत असेल तर त्याहून उत्तम काही नाही. नसेल तर १० लिटरच्या बादलीत किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, अर्धा चहाचा चमचा विरघळवून ते पाणी घाला. शिवाय तीन आठवड्यांतून एकदा कुंडीला भरपूर पाणी देऊन पाचवा हिस्सा तळातून वाहून जाऊ द्या. साठलेले क्षार त्याबरोबर जातात.

खताच्या बाबतीत हात आखडताच ठेवा. लावणीनंतर पहिले दोन महिने काहीच नाही. नंतर मार्च ते सप्टेंबर, दर तीन आठवड्यांनी १९:१९:१९ विद्राव्य खत एक लिटर पाण्यात २ ग्रॅम, तेही ओल्या मातीवर. कोरड्या मातीत खताचं पाणी घातलं की मुळांची टोकं करपतात आणि आठवडाभरात पानांची टोकं तपकिरी होतात. सेंद्रियच हवं असेल तर दीड महिन्याने मूठभर गांडूळखत आणि चमचाभर निंबोळी पेंड पुरे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी झाडाला विश्रांती द्या.

बहराचं गणित

मुख्य बहर उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होतो आणि पावसाळाभर चालतो. किनारपट्टीवर अधूनमधून एखादं फूल वर्षभर येत राहतं. घाटावर थंडीत झाड गप्प होतं, ते स्वाभाविक आहे. फुलं झुबक्याने येत नाहीत. आज एक, परवा दोन, मग चार दिवस काही नाही, अशी चाल. झाड भरून फुललेलं बघायची अपेक्षा असेल तर सोनचाफा लावा.

कळी फांदीच्या शेंड्यावर येते. म्हणून जितके नवे शेंडे, तितक्या कळ्या. फूल गळून गेल्यावर त्याच्या खालच्या पानाच्या बेचक्यातून नवा फुटवा निघतो आणि त्याच्या टोकाला पुढची कळी. यावरून छाटणीचा नियम निघतो: मुख्य बहर ओसरला की, सप्टेंबर-ऑक्टोबरात, फक्त लांबलेल्या फांद्यांचे शेंडे दोन-तीन पानांनी मागे घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटलंत तर येणाऱ्या कळ्यांची जागाच कापलीत. जाड फांद्यांना शक्यतो हात लावू नका, त्यांची जखम भरायला वेळ लागतो.

नव्याने लावलेल्या हातभर रोपालाही कळी येते, आणि मोह होतोच. पहिल्या पावसाळ्यात कळी वाटाण्याएवढी असतानाच खुडा, हवं तर एक ठेवा. रोपाने आपली ताकद त्या वर्षी मुळांवर खर्चायला हवी.

कळी मोठी होत जाते तशी तिच्या भोवतीची टोपी फुटून गळते. मग हिरवट पाकळ्यांमधून पांढरा रंग दिसू लागतो आणि कळी बोटाला किंचित नरम लागते. ऊन कलल्यावर ती सैल होते आणि अंधार पडता पडता वास सुटतो. पूर्ण सपाट उमलण्याची वाट बघू नका, हे फूल अर्धवट मिटलेल्या वाटीसारखंच राहतं. काढायचं तर त्याच संध्याकाळी, देठासकट, कात्रीने. पाकळीला बोट लावू नका: जिथे दाबलं तिथे थोड्या वेळात तपकिरी ठसा उमटतो, कापलेल्या वांग्याला येतो तसाच आणि त्याच कारणाने. वाटीभर पाण्यात तरंगत ठेवलं की रात्रभर खोली दरवळते. अंबाड्यात खोचायचं असेल तरी देठ धरूनच. सकाळी पाकळ्या गळायला लागल्या म्हणून काही बिघडलं असं समजू नये, याचं आयुष्यच तेवढं.

कळ्या न उमलता गळत असतील तर आधी गेल्या पंधरा दिवसांचं पाणी आठवा. माती एकदा पूर्ण सुकली आणि मग भरपूर पाणी ओतलं, हे सगळ्यात नेहमीचं कारण. दुसरं, कळी धरल्यावर कुंडी उचलून दुसरीकडे ठेवणं. तिसरं, गरम वारा. यातलं काहीच नसेल तर कळी उकलून आत फुलकिडे, म्हणजे काळपट बारीक सळसळणारे किडे, आहेत का पाहा.

पानं काय सांगतात

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोहाची कमतरता. मूळ कारण सामू. तात्पुरता उपाय: लिटरभर पाण्यात १ ग्रॅम लिंबूसत्त्व आधी विरघळवा, मग ३ ग्रॅम फेरस सल्फेट, आणि संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा. खाली टाइल्स असतील तर कुंडी बाजूला घ्या, गंजाचे डाग निघत नाहीत. मुळांवाटे द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या, १२ इंची कुंडीला २ ग्रॅम लिटरभर पाण्यातून. दुकानदार बहुधा स्वस्तातलं ईडीटीए देतात, ते अल्कधर्मी मातीत टिकत नाही. आधीच पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. पुढचा फुटवा बघून उपाय लागू पडला का ते ठरवा.

खालची जुनी पानं एक-एक करून पिवळी होऊन गळणं, विशेषतः नवा फुटवा निघताना, नेहमीचंच आहे. पण सगळी पानं एकदम मलूल, माती ओली, आणि तरी झाड तहानल्यासारखं दिसतंय, तर मुळं कुजताहेत. इथे नवखे लोक आणखी पाणी घालतात आणि झाड संपतं. पाणी थांबवा, कुंडी पाऊस न लागणाऱ्या जागी आणा, तळभोकं सळईने मोकळी करा. आठवड्यात सुधारणा नसेल तर गड्डा अलगद बाहेर काढून काळी, मऊ, वास मारणारी मुळं कापा आणि कोरडसर मिश्रणात लावा. अशा वेळी अर्धी पानंही कमी करा.

पानांवर काजळी धरली की काजळी पुसत बसू नका. पानांच्या मागे आणि फांद्यांवर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण असतो, त्याच्या चिकट स्रावावर ती बुरशी वाढते, आणि मुंग्या त्यांची राखण करतात. थोडे असतील तर जुन्या टूथब्रशला साबणाचं पाणी लावून घासून काढा. जास्त असतील तर निंबोळी तेल ५ मिली आणि भांड्यांचा द्रव साबण १ मिली लिटरभर पाण्यात ढवळून, संध्याकाळी, पानांच्या मागून फवारा. आठवड्याच्या अंतराने तीनदा. उमलायला आलेल्या कळ्यांवर मात्र नको.

स्वतःची गुटी

बी क्वचितच धरतं आणि वाळलं की उगवण जाते. छाट कलमांना मुळं फुटण्याचं प्रमाण कमी. म्हणून गुटी. पाऊस नीट लागला की, जून अखेर ते जुलै, करायची.

१. पेन्सिलीएवढ्या जाडीची, निरोगी, सव्वा ते दीड फूट लांबीची फांदी निवडा. शेंड्यापासून फूटभर खाली पेराजवळची जागा पक्की करा, तिथली पानं काढा.

२. धारदार चाकूने एक इंच अंतरावर दोन गोल काप घ्या आणि मधली साल कड्यासारखी सोला. आतला ओला, निसरडा थर चाकूच्या पाठीने खरवडा. लाकूड कोरडं, पांढरट लागेपर्यंत. हा थर थोडा जरी राहिला तर साल पुन्हा सांधली जाते आणि तीन महिन्यांनी उघडल्यावर मुळांऐवजी नुसती गाठ मिळते. फसलेल्या गुट्यांपैकी बहुतेक इथेच फसतात.

३. वरच्या कापाच्या कडेला आयबीए असलेली मुळं फुटण्याची पावडर बोटाने लावा. मुळं वरच्या कडेतूनच येतात, खालच्या नाही.

४. तासभर भिजवलेलं स्फॅग्नम शेवाळ मुठीत घट्ट पिळा, थेंब गळायचा थांबेपर्यंत. तेवढी एक मूठ जखमेभोवती गुंडाळा, वर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घट्ट लपेटून दोन्ही टोकं सुतळीने बांधा. वरची गाठ जास्त घट्ट, कारण पावसाचं पाणी फांदीवरून ओघळत आत शिरलं की शेवाळ कुजतं. बाहेरून काळं प्लास्टिक किंवा स्वयंपाकातली फॉइल लपेटा. ती सोडून मुळं तपासता येतात.

५. महिन्यातून एकदा पाहा. मुंग्यांनी घर केलं असेल तर गाठीच्या वर-खाली फांदीला वॅसलिनचा पट्टा लावा. मॅग्नोलियाला घाई नसते: अडीच ते चार महिने लागतात. प्लास्टिकमधून चारी बाजूंनी मुळं दिसली आणि ती पांढऱ्याची पिवळसर-तपकिरी होऊ लागली की गुटी तयार.

६. एकदम कापू नका. गुटीच्या खाली फांदीला अर्ध्या जाडीपर्यंत खाच द्या, पंधरा दिवसांनी पूर्ण कापा. वरची निम्मी पानं काढा, उरलेली मोठी असतील तर अर्धी कापा.

७. प्लास्टिक काढा, शेवाळ मात्र मुळांवर तसंच राहू द्या. ६ इंची पिशवीत वरचंच मिश्रण घेऊन लावा, काठीचा आधार द्या आणि वरून सैल पारदर्शक पिशवी घालून पूर्ण सावलीत ठेवा. तीन आठवड्यांनी पिशवीचे कोपरे कापा, सहाव्या आठवड्यात काढून टाका. नवं पान पूर्ण उघडेपर्यंत खत नाही, आणि पुढच्या जूनपर्यंत त्या पिशवीतून हलवायचं नाही.